प्रस्तावनेतलं जेवण

नांदूरघाटात माझ्याइतकी पुस्तकं वाचलेला माणूस दुसरा नाही, असं गाव म्हणतं. मी गावाचं बोलणं खोडत नाही. खोडून करायचं काय? सत्तावीस वर्षं सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल आहे आणि चष्मा जाड आहे. लोकांना एवढा पुरावा पुरतो.

खरं काय ते आज सांगून टाकतो. मी पुस्तकं वाचत नाही, प्रस्तावना वाचतो. त्यातही जुन्या पुस्तकांच्या. आजकालच्या प्रस्तावनेत लेखक आधी पत्नीचे, मग प्रकाशकाचे आणि शेवटी कुत्र्याचे आभार मानून मोकळा होतो. जुना लेखक तसा नव्हता. तो वाचकाचा हात धरून ओट्यावर बसवायचा आणि पुस्तक सुरू होण्याआधीच भांडून घ्यायचा. आमच्याकडं एक पाकशास्त्राचं पुस्तक आहे. त्यातल्या बाई प्रस्तावनेत लिहितात, "पदार्थ बिघडल्यास आधी चूल तपासावी, मग आपला स्वभाव तपासावा, आणि दोन्ही ठीक असल्यासच या पुस्तकास दोष द्यावा." एका नाटककारानं प्रस्तावनेची अकरा पानं स्वतःच्या मेव्हण्याला शिव्या देण्यात घालवलीत. नाटकात मेव्हणा नाही, असं ऐकतो. एका वैद्यानं तर लिहिलंय, "ग्रंथकर्त्याची सही नसलेली प्रत चोरीची समजावी." आमच्या प्रतीवर सही नाही. म्हणजे ऐंशी वर्षं वाचनालय चोरीचा माल सांभाळतंय आणि त्यावर दर वर्षी तपासणी अधिकारी सही करून जातात.

असं सुखात चाललं होतं. पण गेल्या माघात दुर्मिळ पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागली, म्हणून मी ते उपसलं आणि तळातून एक पुस्तक निघालं. नाव 'उकिरडा-प्रकाश, अर्थात खत कुजविण्याची शास्त्रोक्त रीत.' कर्ते यादवराव दिंद्रुडकर, मुक्काम दिंद्रुड, फसली सन १३४९. म्हणजे निजामाच्या राज्यातलं, ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वीचं. पानं तीनशे बारा. उकिरड्यावर तीनशे बारा पानं! मी लगेच प्रस्तावना उघडली.

"वाचका," यादवरावांनी लिहिलं होतं, "बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते म्हणतात. माझ्या उकिरड्याचे किती वर्षांनी उघडेल ते ठाऊक नाही. हा विषय पाहून तू नाकाला पदर लावशील हेही मी जाणतो. तथापि जो कोणी हा ग्रंथ पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचील, त्याने दिंद्रुडास आमच्या घरी यावे. त्यास पुरणाचे जेवण घालीन. मी नसल्यास माझे पुत्र घालतील, पुत्र नसल्यास नातू घालतील. हा यादवरावाचा शब्द आहे."

मी उभ्या जागी दोनदा वाचलं. अहाहा! याला म्हणतात प्रस्तावना! घरी जाऊन सत्यशीलेला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, मोठ्यानं वाचून दाखवली.

"मंग वाचलं का शेवटपर्यंत?" ती भाकरी थापता थापता म्हणाली.

"वाचीन की."

"तुमी? तुमी लग्नपत्रिका बी 'श्रीकृपेकरून'च्या पुढं वाचीत न्हाई. म्हणून तर माझ्या बहिणीच्या लग्नाला आपुन एक दिवस आधी गेलतो. मांडव सुद्धा न्हवता."

या बाईला जुन्या गोष्टी उकरायची सवयच आहे. मी दुर्लक्ष केलं आणि शेजारच्या तानाजीकडं गेलो. तानाजीचं कृषी सेवा केंद्र आहे आणि सल्ला तो बियाण्याबरोबर फुकट देतो.

"येवढं जुनं पुस्तक?" तो म्हणाला. "ती माणसं मेली असतील की बे."

"मुलगा असेल, नातू असेल. लेखी शब्द आहे."

"मंग जाऊ की! पुरण म्हणल्यावर का म्हून सोडायचं? अन् समदं वाचीत बसू नको. पहिलं पान वाच, शेवटचं वाच, मधलं एखादं चाळ. आमच्या पोरीनं सगळं डीएड असंच काढलं."

सल्ला मला पटला, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. तरी आधी सरळ मार्गानं प्रयत्न केला. रोज दुपारी पुस्तक घेऊन बसायचो. चौदा पानं झाली. पंधराव्या पानावर 'उकिरड्याची दिशा' असा भाग सुरू झाला आणि तिथं मला रोज झोप लागू लागली. मग मी शेवटच्या पानावर गेलो. तिथं शुद्धिपत्र होतं, छपाईच्या चुकांचं. ते मात्र मी पाठ केलं. 'पृष्ठ ८८, ओळ ५ : तीन हात खोल ऐवजी दोन हात खोल वाचावे.' ज्याला पुस्तकातल्या चुका पाठ आहेत, त्यानं पुस्तक वाचलं नाही असं कोण म्हणेल?

मी दिंद्रुडला पत्र टाकलं. आठव्या दिवशी फोन आला. यादवरावांचे नातू बद्रीनाथ बोलत होते. सोसायटीचे चेअरमन, ऊस बक्कळ, आवाज मोठा. "साहेब, आजोबाचा शब्द म्हणजे आमचा शब्द! तुमी फक्त तारीख सांगा. पुस्तक संगं आणा, आमच्या घरची प्रत पार गेली."

आता अडचण आली. दुर्मिळ पुस्तक वाचनालयाबाहेर न्यायचं तर नियमाप्रमाणं ग्रंथपालाकडं अर्ज करावा लागतो. मी माझ्याकडं अर्ज केला. आवक वहीत नोंदवला. छाननीत फोटो जोडलेला नाही असं आढळलं, म्हणून त्रुटी काढून मला परत केला. फोटो जोडून पुन्हा दिला. तेव्हा लक्षात आलं की अशा अर्जाला संचालक मंडळाची मंजुरी लागते. नियम म्हणजे नियम. मी माणूस कडक आहे, समोर मी असलो तरी.

मंडळाची सभा बोलावली आणि तिथंच घात झाला. अध्यक्ष उत्तरेश्वर, ज्यांनी दहा वर्षांत वाचनालयातून फक्त खुर्च्या नेल्यात, त्यांनी प्रस्तावना ऐकून मिशीवर हात फिरवला.

"पुस्तक कुणाचं हाय?"

"संस्थेचं."

"ग्रंथपाल कुणाचा?"

"संस्थेचा."

"मंग वाचलं कुणी? संस्थेनं! अन् जेवण कुणाला? बोला."

"संस्थेला!" उरलेले दहा संचालक एका सुरात म्हणाले. सत्तावीस वर्षांत मंडळाचं एकमत मी पहिल्यांदाच बघितलं. लगेच ठराव झाला : 'सदर ग्रंथ संस्थेच्या वतीने शेवटपर्यंत वाचण्यात आला आहे, असे सर्वानुमते ठरले.' सूचक, अनुमोदक, खाली सह्या. उकिरडा-प्रकाश हे जगातलं एकमेव पुस्तक असावं, जे ठरावानं वाचलं गेलं.

मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण ठरावात माझंही पंधराव्या पानाच्या पुढचं वाचन आपोआप होऊन गेलं, हे मी मनातल्या मनात टिपून ठेवलं.

ठरल्या दिवशी एका क्रूझर जीपमध्ये बारा जण निघालो. अध्यक्षांसह नऊ संचालक, मी, तानाजी आणि ड्रायव्हर. एका संचालकाचा उपवास होता आणि एकाची म्हैस व्यायला झालती, नाहीतर चौदा झालो असतो. दिंद्रुड आहे धारूरच्या पुढं. पण अध्यक्ष म्हणाले, संस्थेचा दौरा आणि मांजरसुंब्याचा चहा नाही, असं कसं होईल? म्हणून आम्ही बरोबर उलट्या दिशेनं मांजरसुंब्याला गेलो. चहाबरोबर भजी आली, भज्यांबरोबर मिसळ आली. पुरणावर जायचंय म्हणून मी दोनच प्लेटी खाल्ल्या.

अकराला पोचायचं ते दोनला पोचलो. वेशीत भला मोठा फ्लेक्स लावला होता, 'शब्दपूर्ती सोहळा'. यादवरावांचा फोटो घरात नव्हता, म्हणून फ्लेक्सवर बद्रीनाथांचा होता, छातीपर्यंत, हात जोडलेला. खाली कोपऱ्यात माझा. मी अर्जाला जोडलेला फोटो अध्यक्षांनी परस्पर पाठवला होता. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. खाली लिहिलं होतं, 'थोर वाचक बंकटराव.' तानाजी म्हणाला, "शोभतोय बे. वाचता वाचता झोपल्यावाणी." मी त्याच्याशी जेवण होईपर्यंत बोललो नाही.

घरात गेलो तर ओसरीवर एक म्हातारी बसली होती. चौऱ्याऐंशीची, पण ताठ. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं. बद्रीनाथ म्हणाले, "ही आमची आई, वत्सलाबाई. आजोबाची सून." म्हातारीनं बाराही जणांकडं एकेक करून बघितलं. मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडं बघितलं आणि दोन्ही हात पुढं केले. मी दिलं. तिनं ते मांडीवर ठेवून पदरानं पुसलं.

"वाचलं कुणी?"

"मी," मी म्हणालो. "म्हणजे, संस्थेनं."

"सोळा वर्साची होऊन या घरात आले," ती पुस्तकाकडं बघतच बोलायला लागली. "अक्षरओळख न्हवती. मामंजींनी याच पुस्तकावर बोट ठेवून शिकिवलं. मी शेवटपर्यंत वाचलं, पर मी पडले घरची. घरच्यानं वाचलेलं मोजीत न्हाईत, म्हणायचे. बाहीरचं कुणी यावं, असं लई होतं त्यांच्या मनात. लोक हसायचे, उकिरड्यावाला म्हणायचे. जाताना बी दाराकडं बघत होते. म्हणले, वत्सले, कुणी वाचून आला तर उपाशी पाठवू नको. साठ वर्सं झाली, भाऊ. तुमी पहिले."

मला भजी एकदम जड वाटायला लागली. पण मी स्वतःला सावरलं. शुद्धिपत्र आठवलं. "काकू, पुस्तक फार बारकाईचं आहे," मी म्हणालो. "अठ्ठ्याऐंशीव्या पानावर मात्र तीन हात छापलंय. दोन हात पाहिजे."

म्हातारीचा चेहरा असा उजळला म्हणता! "बद्री, पाट मांडा!" ती म्हणाली.

बारा पाट, बारा ताटं. पुरणाच्या पोळ्या, तुपाची धार, आमटी, गुळवणी, कुरडया. म्हातारी स्वतः वाढायला उभी राहिली. तिच्या हातात एक जुनं पितळी ताट होतं, रिकामं, काठावर काहीतरी कोरलेलं. माझ्याजवळ येऊन तिनं विचारलं, "भाऊ, आनखी एक ताट मांडायचं का?"

"नको नको काकू," मी म्हणालो. "आम्ही बाराच आहोत."

ती गेली. आमटी वाढून परत आली. "एखादं ताट लागत आसंल तर सांगा."

"सगळे बसले, काकू. तुम्ही काळजी करू नका."

पोळीचा दुसरा फेरा झाला तेव्हा ती माझ्यासमोर थांबली. ताट अजून हातातच. "न्हाई म्हणता? शेजारी जागा हाय तुमच्या."

आता मात्र मला या म्हातारीच्या आग्रहाची गंमत वाटली. मी माझ्या सगळ्या ऐटीनं म्हणालो, "काकू, ग्रंथपाल आहे मी. मोजणीत माझी चूक होत नाही."

पंगत हसली. म्हातारी हसली नाही. तिनं ते ताट पदरानं पुसलं आणि आत नेऊन ठेवलं.

जेवणं झाली. बद्रीनाथांचं भाषण झालं, अध्यक्षांचं झालं, बाराही जणांना फेटे बांधले. ड्रायव्हरलाही थोर वाचक म्हणून नारळ मिळाला. निघताना मी वत्सलाबाईंच्या पाया पडलो. म्हातारीनं पुस्तक माझ्या हातात परत दिलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "पुन्हा या, भाऊ. वाचून या."

मेलो! बारा फेटेवाल्यांत मी एकटाच असा होतो, ज्याच्या डोक्यावर फेटा होता आणि खाली डोकं नव्हतं.

परत येताना जीपमध्ये सगळे घोरत होते. मी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर घेतला. तिला कसं कळलं? शुद्धिपत्र तर बिनचूक सांगितलं होतं. मला राग आला. आधी म्हातारीचा, मग तानाजीचा, मग ठरावाचा. घर येईपर्यंत सगळे संपले आणि मी एकटा उरलो.

"काय झालं?" सत्यशीलेनं विचारलं. "पुरण चांगलं न्हवतं का?"

"पुरण चांगलं होतं," मी म्हणालो. "मी चांगला नव्हतो."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण या एका वाक्यावर तिनं उलट उत्तर दिलं नाही. उठून चहा ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी पंधराव्या पानाशी बसलो. झोप आली की उभं राहून वाचायचं. उकिरड्याची दिशा झाली. उकिरड्याची खोली झाली, दोन हात. खोटं कशाला सांगू, पन्नासेक पानांनंतर मला उकिरडा आवडायला लागला. हा माणूस मधेच विचारतो, "वाचका, पाणी प्यालास का? मग पुढे चल." कुठं म्हणतो, "हे प्रकरण रुक्ष आहे, मला ठाऊक आहे, तरी तुझ्या बैलांसाठी वाच." मी सत्तावीस वर्षं दारातूनच राम राम करून परत येत होतो. माणूस आत बसून माझ्याशी बोलत होता, आणि मला पत्ताच नव्हता.

तेविसाव्या दिवशी दोनशे अकरावं पान आलं. राखेचं प्रकरण. राख कधी टाकावी आणि कधी टाकू नये, याच्या मधे, कसलीही सूचना न देता, हा मजकूर होता :

"वाचका, इथवर आलास म्हणून तुला एकट्याला सांगतो. प्रस्तावनेतले आमंत्रण जगाला होते, हे तुला आहे. आमच्या घरी जेवायला बसशील तेव्हा मी असेन किंवा नसेन. पण पाटावर बसताना घरच्या माणसांस सांग की, यादवरावाचेही ताट शेजारी मांडा. इतकी पाने मी तुझ्याशी बोललो, तू गप्प होतास. एकदा दोघे शेजारी बसून जेवू. आता राखेकडे वळू."

मी राखेकडं वळू शकलो नाही. पुस्तक मिटलं आणि वाचनालयाला वेळेआधी कुलूप लावलं. तीन वेळा! तीन वेळा ती म्हातारी ताट हातात घेऊन माझ्यासमोर आली, आणि मी तिला मोजणी शिकवत होतो. साठ वर्षं थांबली होती ती एका वाक्यासाठी. बरं, ते वाक्य तिनं माझ्या तोंडात घालायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं.

उरलेली एकशे एक पानं मी चार दिवसांत संपवली. शुद्धिपत्र पुन्हा वाचलं, पाठ असूनही. मग ना ठराव, ना अर्ज, ना पत्र. पुस्तक पिशवीत घालून एस.टी.नं निघालो. केजला बस बदलली, धारूरला बदलली. तानाजीनं विचारलं, कुठं निघाला बे, तर मी दवाखान्यात म्हणालो. हेही फारसं खोटं नव्हतं.

दिंद्रुडला वेशीत तो फ्लेक्स अजून होता. वाऱ्यानं बद्रीनाथांचा अर्धा भाग फाटला होता. माझा कोपरा मात्र शाबूत होता, डोळे मिटलेले.

वत्सलाबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. "एकटेच आले?"

"एकटाच."

"आज पुरण न्हाई. भाकरी अन् शेंगदाण्याची चटनी हाय. सून वांग्याची भाजी टाकील."

"चालेल की."

आत पाट मांडला. मी हातपाय धुऊन बसलो. माझं ताट आलं. म्हातारी भाकरी हातात घेऊन उभी राहिली आणि वाढेना. विचारीनासुद्धा. नुसती बघत होती. या वयात माझ्या तोंडाला अशी कोरड पडेल, असं वाटलं नव्हतं. मॅट्रिकच्या परीक्षेलाही पडली नव्हती.

"काकू," मी म्हणालो, "यादवरावांचंही ताट मांडा. माझ्या शेजारी."

म्हातारीनं भाकरी परत टोपल्यात ठेवली. आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. सून मला खुणेनं विचारायला लागली, काय झालं? मग वत्सलाबाई बाहेर आल्या. डोळे पुसलेले होते आणि पुसलेले आहेत हे लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. हातात ते पितळी ताट होतं, चिंचेनं घासून लख्ख केलेलं. त्यांनी दुसरा पाट ओढला, ताट मांडलं, बाजूला तांब्या ठेवला.

"मामंजी," त्या रिकाम्या पाटाकडं बघून म्हणाल्या, "आलं बरं का कुणीतरी."

मग एक भाकरी त्या ताटाकडं नेली आणि मधेच हात थांबवला. ताटाच्या काठावर सगळीकडून अक्षरं कोरलेली होती, झिजलेली, गोल फिरत गेलेली. ते ताट उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"आधी वाचून घ्या," त्या म्हणाल्या. "मंग वाढते."

मी चष्मा पुसला. ताट दोन्ही हातांनी धरलं आणि हळूहळू फिरवत गेलो. यादवरावांचं नाव, गाव, साल, घडवणाऱ्या तांबटाचं नाव, सगळं मोठ्यानं वाचलं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत.